सर्व्हिसिंगहून आलेलं पिस्तूल आणि अडकणारी काडतुसं

कोल्हापूरच्या पावसाळ्यात कपाटातलं चामड्याचं पाकीटसुद्धा बुरशी धरतं, तिथे पिस्तुलाच्या पोलादाचं काय होत असेल ते सांगायला नको. त्यामुळे पाऊस संपला की मी माझं पॉइंट टू टूचं, म्हणजे ०.२२ इंची नळीचं, स्पोर्ट्स पिस्तूल परवानाधारक दुरुस्तीवाल्यांकडे पूर्ण सफाईला देते. रोजची सफाई घरी होते, पण सगळे भाग सुटे करून आतला जुना मळ काढणं हे त्यांचं काम. शिवाय शस्त्र कायद्यानुसार दुरुस्ती हा परवान्याचाच धंदा आहे. कुणा हुशार ओळखीच्या माणसाच्या हाती पिस्तूल सोपवायची सोय नाही, आणि नाही तेच बरं.

यंदा पिस्तूल परत आलं ते चकचकीत होऊन. आणि अडकायला लागलं.

माझा प्रकार २५ मीटर पिस्तूल. कोल्हापुरात हा प्रकार फारसा समजावून सांगावा लागत नाही. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत राही सरनोबतने याच प्रकारात शूट-ऑफपर्यंत ताणलेली लढत जिंकून सुवर्ण आणलं, तेव्हापासून आमच्या शेजारच्या आजीसुद्धा ‘तुमचं ते रॅपिड का काय ते’ म्हणून चौकशी करतात. साठ शॉट असतात. पहिले तीस प्रिसिजनचे, पाच शॉटच्या सीरिजला पाच मिनिटं. पुढचे तीस रॅपिडचे. त्यात हात खाली धरून थांबायचं, हिरवा दिवा लागला की तीन सेकंदांत हात वर, नेम, एकच शॉट. मग सात सेकंद थांबून पुन्हा तेच. प्रिसिजनमध्ये पिस्तूल अडकलं तर चिडचिड होते. रॅपिडमध्ये अडकलं तर लय जाते ती जातेच, मग नियमाने पुन्हा संधी मिळो न मिळो.

माझी पहिली शंका काडतुसांवर गेली, कारण नवीन लॉट नुकताच उघडला होता. आमच्या प्रशिक्षक सरांनी तो विषय दोन मिनिटांत मिटवला. माझ्याच डब्यातली काडतुसं शेजारच्या लेनवरच्या मुलीला दिली, तिच्या पिस्तुलातून सगळी धडाधड गेली. तिची काडतुसं माझ्याकडे आली आणि त्यातलं एक वाजलंच नाही.

“ताई, अडकतंय म्हणू नका,” सर म्हणाले. “वाजलं नाही, का बाहेर आलं नाही, का आत गेलंच नाही? तिन्हीचा डॉक्टर वेगळा.”

हे एक वाक्य मी गेली कित्येक वर्षं दुसऱ्यांच्या बाबतीत ऐकत आले होते. स्वतःच्या पिस्तुलावर वेळ आली तेव्हा कळलं की लेनवर उभं असताना हे तिन्ही प्रकार सारखेच वाटतात. चाप ओढला आणि जे व्हायचं ते झालं नाही, एवढंच त्या क्षणी समजतं. म्हणून स्कोअरच्या वहीतच एक रकाना आखला आणि दर वेळी काय झालं ते लिहायला लागले. वाजलं नाही, तर काडतुसाच्या काठावरची खूण कशी आहे. बाहेर आलं नाही, तर पुंगळी, म्हणजे काडतुसाचं रिकामं कवच, कुठे आणि कशी थांबली. किती वाजले होते तेही लिहीत गेले. ते खरं तर सवयीने लिहिलं, पण सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला.

वही भरत गेली तसं दिसलं की हे एक दुखणं नव्हतंच. दोन होती, एकमेकांत मिसळलेली.

पहिलं दुखणं न वाजणाऱ्या काडतुसांचं. पॉइंट टू टूच्या काडतुसाला मोठ्या काडतुसांसारखी बुडाच्या मध्यभागी टोपी नसते. ठिणगी देणारं द्रव्य पुंगळीच्या बुडाच्या दुमडलेल्या काठात भरलेलं असतं, आणि फायरिंग पिन त्या काठावर आपटून तो चेचते. म्हणून न वाजलेलं काडतूस हातात घेतलं की त्याचा काठ सगळं सांगतो. खूण खोल असेल तर पिस्तुलाने आपलं काम केलंय, काडतूस वाईट. खूण उथळ असेल तर दोष पिस्तुलाकडे. माझ्या काडतुसांवर नखाने दाबल्यासारखी पुसट रेघ होती. शेजारच्या मुलीच्या पुंगळ्यांवर खणखणीत खड्डा.

(हे करताना एक पथ्य. काडतूस वाजलं नाही की लगेच बोल्ट, म्हणजे नळीमागे सरकणारा पोलादी ठोकळा, ओढायचा नाही. नळी टार्गेटकडे ठेवून निदान अर्धा मिनिट थांबायचं, कारण क्वचित ते उशिरा वाजतं. आणि आवाज नेहमीपेक्षा बारीक, फुसका आला तर पुढचा शॉट मुळीच घ्यायचा नाही. गोळी नळीतच राहिलेली असू शकते, आधी नळी बघायची.)

उथळ खुणेची कारणं मोजकी आहेत. बोल्ट पूर्ण पुढे बसत नसेल तर हॅमरचा, म्हणजे पिनवर आपटणाऱ्या हातोडीचा, निम्मा जोर त्याला पुढे ढकलण्यातच जातो. सरांनी ते आधी बघायला लावलं. बोल्टची मागची कड जिथे यायला हवी तिथे बरोबर येत होती. स्प्रिंग थकलेली असू शकते, पण ती एका आठवड्यात थकत नाही. सर्व्हिसिंगच्या आधी ती ठणठणीत होती. उरली फायरिंग पिन आणि ती ज्या भोकातून ये-जा करते ते भोक.

इथे वहीतल्या वेळा कामी आल्या. न वाजलेली काडतुसं जवळपास सगळी सकाळी सात-साडेसातच्या सरावातली होती. रविवारी उन्हं वर आल्यावर मारलेल्या सीरिजमध्ये हा त्रास नव्हताच. डिसेंबर लागला होता, आमच्या रेंजच्या बाजूला उसाची शेतं आहेत, सकाळी तिथे हात बधिर होतात. गारठ्यात घट्ट होणारी आणि उन्हात सैल होणारी वस्तू पिस्तुलात एकच असते. वंगण.

मॅन्युअलमध्ये फायरिंग पिन काढण्याची कृती दिलेली आहे, त्यामुळे एवढं मी घरी करू शकत होते. मॅगझिन बाहेर, चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) डोळ्याने आणि बोटाने तपासून रिकामं, काडतुसांचा डबा दुसऱ्या खोलीत. मग बोल्ट काढला. आडवी खीळ सरकवून फायरिंग पिन ओढली तर ती सुटी येईना, थिजलेल्या तुपातून चमचा ओढावा तशी आली. आजूबाजूला पांढरं जाड ग्रीस ठासून भरलेलं. गंजापासून वाचावं म्हणून दुरुस्तीवाल्यांनी मुक्त हस्ते दिलं होतं. मोठ्या बोअरच्या शस्त्राला कदाचित ते खपलं असतं. टार्गेट पिस्तुलाची पिन हलकी आणि फटका बेताचा, त्याला एवढा चिखल झेपत नाही. सॉल्व्हंटने धुतलं, कापसाच्या काडीने पुसलं, वाळू दिलं आणि कोरडंच परत बसवलं. पिनवर पातळ तेलाचं बोट फिरवून लगेच पुसून घेतलं, बस्स.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सगळी काडतुसं वाजली. मला वाटलं संपलं.

ते संपलं नव्हतं, कारण दुसरं दुखणं आता एकटं आणि स्पष्ट दिसायला लागलं. वाजलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी अधूनमधून बाहेर उडण्याऐवजी बोल्ट आणि नळीच्या तोंडात उभी अडकायची. इंग्रजीत याला स्टोव्हपाइप म्हणतात, आमच्या रेंजवर पोरं ‘धुराडं’ म्हणतात. कधी पुंगळी उजवीकडे जायची, कधी सरळ वर उडून माझ्या टोपीवर पडायची. एकीचा ठिकाणा दुसरीला नाही.

पहिल्यांदा मॅगझिन बदलून पाहिली. दोन्हींवर नेलपॉलिशने १ आणि २ घातलंय, ही सवय सर्वांनी लावून घ्यावी अशी आहे, कारण एकच मॅगझिन वाकडी असेल तर माणूस महिनाभर पिस्तूल खोलत बसतो. दोन्ही मॅगझिनमध्ये त्रास सारखाच होता. मग हात. मनगट ढिलं पडलं की काही पिस्तुलं अशी अडकतात, म्हणून सरांनी स्वतः एक मॅगझिन मारून पाहिली. त्यांच्याही हातात धुराडं आलं. मला जरा बरंच वाटलं.

यापुढचा तपास मला या सगळ्यात सर्वात आवडला.

या जातीच्या पिस्तुलात बोल्टला कुठलंही कुलूप नसतं. काडतूस वाजलं की वायूच्या दाबाने पुंगळीच मागे येते आणि बोल्टला ढकलते. म्हणजे वाजलेली पुंगळी चेंबरबाहेर काढायला एक्स्ट्रॅक्टरची, म्हणजे बोल्टच्या तोंडाशी असलेल्या त्या आकड्याची, तशी गरजच पडत नाही. आकड्याचं खरं काम पुंगळीला काठाशी धरून ठेवण्याचं, म्हणजे ती मागे इजेक्टरवर (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या खुंटीवर) नेमक्या कोनात आपटून बाहेर उडेल. आकडा ढिला धरत असेल तर पुंगळी बाहेर येते, पण मध्येच पडते, फिरते, आडवी-उभी होते. त्यामुळे गोळीबार करून बघितलं तर आकड्याचा दोष निम्मा लपतो. तो उघडा पाडायचा असेल तर वायूचं बळ काढून घ्यायचं. चेंबरमध्ये डमी काडतूस घालायचं आणि बोल्ट हाताने ओढायचा. आता त्याला बाहेर काढणारं आकड्याखेरीज कुणी नाही.

ओढला. बोल्ट मागे आला आणि डमी चेंबरमध्ये तसंच बसून. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

आकडा जेमतेम तांदळाएवढा. नुसत्या डोळ्यांना त्यात काही दिसेना. माझे दीर गुजरीत दागिन्यांच्या कामात आहेत, त्यांच्याकडून डोळ्याला लावायचं भिंग आणलं आणि टेबललॅम्पखाली बोल्टचं तोंड धरलं. आकड्याच्या आतल्या कोपऱ्यात एक सोनेरी केस चमकला. नळी साफ करायच्या ब्राँझच्या ब्रशचा तुटलेला तार, आकड्याच्या खाचेत आडवा बसलेला. त्याला पांढऱ्या चिंधीचा एक धागा गुंडाळलेला आणि त्या दोघांवर ग्रीसची सारवण. म्हणजे आकडा बाहेरून जागेवर दिसत होता, पण आतून केसभर उचललेला. काठ पूर्ण पकडायला त्याला जागाच उरली नव्हती. सर्व्हिसिंगच्या आधी नव्हतं ते नंतर का आलं, त्याचं उत्तर त्या तारेत होतं.

टूथपिकने तो काढला. सुई वापरायचा मोह झाला होता, पण पोलादावर पोलाद घासून धार घालवायची नव्हती. मग तोच डमीचा प्रयोग. डमी टण्णकन उजवीकडे उडालं आणि फ्रिजखाली गेलं.

या सगळ्या काळात रेंजवर सल्ले पुष्कळ मिळाले. स्प्रिंग बदला, आकडा कानशीने घासून तीक्ष्ण करा, रिकामं पिस्तूल पन्नास वेळा चालवा म्हणजे भाग बसतील. शेवटचा सल्ला तर घातकच. रिमफायरमध्ये, म्हणजे काडतुसाच्या काठावर फटका मारणाऱ्या शस्त्रांत, चेंबर रिकामं असताना चाप ओढत राहिलं तर पुष्कळ पिस्तुलांत पिन थेट चेंबरच्या काठावर आपटते, तिथे पोलादाचा बारीक ओठ उभा राहतो आणि मग काडतूस खरोखरच अडकायला लागतं. ज्यांच्या मॅन्युअलमध्ये ड्राय फायरची, म्हणजे काडतुसाशिवाय चाप ओढण्याची, वेगळी सोय दिली आहे त्यांची गोष्ट निराळी. आणि चाप किंवा सिअरच्या (हॅमर अडवून धरणाऱ्या खिटीच्या) भागाला मी हात लावत नाही. आमच्या प्रकारात चापाचा जोर किमान १००० ग्रॅम लागतो, स्पर्धेत वजन टांगून तपासतात. तिथली स्प्रिंग घरी हलवली तर तपासणीत बाद व्हायला वेळ लागत नाही, सुरक्षेचा भाग वेगळाच.

दुरुस्त झाल्यावर पहिल्या काही सीरिज टार्गेटवर पसरट आल्या, त्याचं मी मनाला लावून घेतलं नाही. या काडतुसांच्या गोळीवर मेणचट वंगण असतं आणि नळीत त्याचा पातळ थर बसावा लागतो. सॉल्व्हंटने पुसून काढलेली नळी तो थर धरेपर्यंत थोडी इकडेतिकडे करते. सफाईनंतर लगेच साइट फिरवणारे लोक दुसऱ्या दिवशी ती उलटी फिरवताना मी पाहिले आहेत.

दुरुस्तीवाल्यांकडे गेले. तार एका छोट्या पिशवीत घालून नेली होती. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ती बघितली, “ब्रश म्हातारा झाला आमचा,” म्हणाले आणि चहा मागवला. ग्रीसबद्दल मात्र ते ऐकेनात. इथे सगळे लोक पिस्तूल वर्षभर तिजोरीत ठेवतात, गंज चढला की आमच्या नावाने ओरडतात, आम्ही भरपूरच लावणार. त्यांचंही चूक नाही, त्यांच्या गिऱ्हाइकांत रोज पिस्तूल चालवणारी मी एखादीच. तडजोड अशी झाली की बाहेरून काय हवं ते लावा, फायरिंग पिनचं भोक कोरडं ठेवा, आणि तसं कामाच्या पावतीवर लिहून द्या.

त्यानंतरच्या स्पर्धेत रॅपिडच्या दुसऱ्या सीरिजमध्ये चाप ओढला आणि नुसतं टक् झालं. अशा वेळी पिस्तूल उघडायचं नसतं, चाळवायचंही नसतं. नळी टार्गेटकडे ठेवून मोकळा हात वर करायचा. स्वतः बोल्ट ओढला की बिघाड मान्य होत नाही आणि तो शॉट गेला. टोकियोत मनू भाकरच्या एअर पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला, वेळ गेला आणि अंतिम फेरी थोडक्यात हुकली, तेव्हापासून आमच्या सरांनी हात वर करण्याचासुद्धा सराव घेतलाय. रेंज ऑफिसर आले, थांबले, काडतूस बाहेर काढून काठ बघितला. मीही मान लांब करून बघितलं. खड्डा चांगला खोल होता. काडतूसच फुसकं निघालं. बिघाड मान्य झाला आणि राहिलेले शॉट मी पुरे केले.