तुळईचे १५० मिलिमीटर
स्लॅब ओतण्याच्या आदल्या दिवशी सळईची तपासणी वास्तुविशारदाने स्वतः करावी, असा माझा आग्रह असतो. त्या दुपारी सातारा जिल्ह्यातील एका वाचनालयाच्या बांधकामावर मी तुळईच्या रिंगांमधील, म्हणजे सळयांभोवतीच्या कड्यांमधील, अंतर मोजत होते. तेवढ्यात संस्थेचे विश्वस्त, एक निवृत्त शिक्षक, आम्हीच दिलेले रंगीत चित्र घेऊन आले आणि म्हणाले, "मॅडम, चित्रातली तुळई एवढी खाली नव्हती." मी नकाशा उघडला. नकाशात ती तितकीच खाली होती. दोन्ही कागदांवर आमच्या कार्यालयाचा शिक्का होता.

आमचे नकाशे रेव्हिट या संगणक-प्रणालीत होतात आणि चित्रे थ्रीडीएस मॅक्स या दुसऱ्या प्रणालीत. दोन्ही आज ऑटोडेस्क या कंपनीची असली तरी त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत. मॅक्सची परंपरा १९९० मधील डॉसवरच्या थ्रीडी स्टुडिओपासून सुरू होते, तर रेव्हिट ऑटोडेस्कने २००२ मध्ये १३.३ कोटी डॉलरना विकत घेतले. चित्र काढण्याचे काम दोन्हीकडे करता येते; रेव्हिट स्वतःही चित्र काढते. पण रेव्हिटमध्ये भिंत ही भिंत असते, तिला मजला आणि उंची कळते; मॅक्समध्ये पोहोचल्यावर तिचे केवळ पृष्ठभाग उरतात. मॅक्समधल्या चित्राची रेव्हिटच्या फाइलशी असलेली लिंक जपली, तर मूळ फाइलमधला बदल रीलोड केल्यावर पुढे येतो. ती 'बाइंड' केली, म्हणजे मॅक्समध्येच कायमची सामावून घेतली, की तो संबंध संपतो. आमच्या सहकाऱ्याने पुस्तकांच्या कपाटांची मांडणी मोकळेपणाने करता यावी म्हणून बाइंड केले होते. त्यानंतर संरचना अभियंत्याने उत्तरेकडील तुळई ६०० वरून ७५० मिलिमीटर केली. तो बदल मी स्वतः रेव्हिटमध्ये तपासला होता. चित्र मात्र पुन्हा पाहिले नाही. दोन्ही एकाच कंपनीची आहेत, म्हणजे एकमेकांशी बोलत असतील, हा माझा समज होता, आणि चूक त्या समजाची होती.

वाचनालयात हे १५० मिलिमीटर क्षुल्लक नसतात. उत्तरेचा प्रकाश खोलीत किती आत जाईल, हे खिडकीच्या खालच्या कडेपेक्षा वरच्या कडेवर ठरते. साधारण तिच्या उंचीच्या दुप्पट, हा आमचा ठोकताळा. वरची कडा २४०० वरून २२५० वर आली, की सुमारे ३०० मिलिमीटर प्रकाश कमी होतो. मेजांची दुसरी रांग नेमकी तिथे होती, आणि विश्वस्तांनी त्या रांगेकडे पाहूनच चित्राला संमती दिली होती.

मी काम थांबवले. ठेकेदार नाराज झाला, आणि ते रास्तच होते. काँक्रीटच्या गाड्या ठरलेल्या होत्या. अभियंत्याने गणित पुन्हा करून तुळई १५० मिलिमीटर गच्चीच्या वर उचलायला मान्यता दिली. मात्र पावसाच्या पाण्याच्या पाइपांची तोंडे उत्तरेलाच होती, वर आलेली तुळई त्यांची वाट अडवणार होती आणि तिच्यात भोके पाडायला तो तयार नव्हता. म्हणून गच्चीचा उतार दक्षिणेकडे फिरवला, कोब्याची जाडी वाढली आणि तिचे वजनही हिशेबात घ्यावे लागले.

आता प्रत्येक चित्रावर मूळ फाइलची तारीख छापतो. मेजांच्या दुसऱ्या रांगेत मी स्वतः बसून पाहिले. पुस्तक वाचता येते. गच्चीवरचा पहिला पावसाळा मात्र अजून यायचा आहे.