आकडे बोटाला येऊ राहिले

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. जालन्यातल्या बियाण्याच्या प्लांटमध्ये तेव्हा अक्षरशः लगीनघाई असते. मी पॅकिंग लाइनचा सुपरवायझर. त्या दिवशी तुरीचं दोन किलोचं पाऊच चालू होतं. वाण आपल्या बदनापूरचं, बीडीएन ७११.

प्रत्येक पाऊचवर लॉट नंबर, चाचणीची तारीख, वैधतेची तारीख आणि किंमत छापायचं काम कोडरचं, म्हणजे लाइनवरच्या छपाईच्या मशीनचं. आमचा कोडर कार्ट्रिजवर चालतो. एका कार्ट्रिजमध्ये ४२ मिली शाई आणि छपाईची उंची जेमतेम अर्धा इंच. शाई ज्या बारीक छिद्रांतून उडते ती मशीनमध्ये नसतात, कार्ट्रिजवरच असतात. म्हणजे कार्ट्रिज खराब निघालं तरी मशीनला काही होत नाही. एवढ्याच भरवशावर खरेदीवाल्यांनी निम्म्याहून कमी भावात दुसरी कार्ट्रिजं मागवली होती. खोबणीत ती बरोबर बसली आणि नमुना काळाभोर, ठसठशीत आला. मी बघितलं आणि सही केली. हात लावून बघितलं नाही, ती चूक माझी.

दुपारी तीनच्या सुमाराला खोके भरणाऱ्या मावशींनी हाक मारली. "भाऊ, इकडं या बरं. हे आकडे बोटाला येऊ राहिले."

त्यांचा अंगठा काळा झाला होता. पाऊचवर लॉट नंबरचे पहिले तीन आकडे होते, पुढं नुसता धुरकट पट्टा. मी दुसरं पाऊच घेतलं, त्यावर सेलोटेप दाबली आणि ओढली. अख्खी ओळ टेपवर आली, उलटी. सकाळी भरलेलं खोकं फोडलं तर आतली पाऊचं एकमेकांवर घासून निम्मे नंबर आधीच पुसलेले.

कारण साधं होतं. नव्या कार्ट्रिजमधली शाई पाण्याची होती. पुठ्ठा ती शाई पिऊन घेतो, प्लास्टिकच्या फिल्मला मात्र प्यायला काहीच नसतं. शाई वर वर सुकल्यासारखी दिसते, पण धरत नाही. तिथं लवकर उडणाऱ्या सॉल्व्हंटची शाईच लागते. लाइन थांबली की ही शाई छिद्रांतच वाळते, म्हणून चहाच्या सुट्टीत कार्ट्रिजला टोपण लावावं लागतं. ही कटकट नव्या कार्ट्रिजमध्ये नव्हती, आणि त्यामुळंच सकाळपासून ऑपरेटर खूश होता.

लाइन बंद केली. मालक आले. त्यांचं म्हणणं, "किंमत तर वाचता येतेय ना? शेतकरी पाऊच फोडणार, पेरणार आणि फेकून देणार."

मी म्हणालो, "फेकत नाहीत, मालक."

२०२० च्या खरिपात मराठवाडाभर सोयाबीन उगवलं नव्हतं, ते वर्ष इथं कुणी विसरलेलं नाही. तेव्हा आमच्या मामांचंही रान कोरंच राहिलं होतं. पंचनाम्याला आलेल्या माणसांनी रान बघायच्या आधी मागितली ती पावती आणि पिशवी. मामांनी आड्याला खोचून ठेवलेली पिशवी काढली, तिचा टॅग धोतरानं पुसला आणि नंबर अक्षर अक्षर वाचून दाखवला. लिहिणारा लिहीत होता आणि मामा त्याच्या पेनाकडं बघत होते. बियाणं कुठल्या लॉटचं, त्याची चाचणी कधी झाली, हे शोधायचं तर शेतकऱ्याच्या हातात तेवढा एक नंबर असतो. तो नंबरच पुसला तर शेतकरी कुणाच्या दारात जाणार?

हे सगळं मी मालकांना सांगितलं. आवाज जरा चढलाच असेल. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "गाडी कुठवर गेलीय?"

सकाळचा माल गेवराईकडं निघाला होता. ड्रायव्हरला फोन लावला तेव्हा तो शहागडला, गोदावरीच्या पुलाच्या अलीकडं जेवायला थांबला होता. गाडी तिथूनच वळवली. रात्री नऊला ती परत आली आणि आम्ही दोन हजारांवर पाऊचं कापून तूर नव्या पाऊचमध्ये भरली. जुन्यावर दुसरा नंबर छापायचा विचार एकानं मांडला होता, मी तो होऊ दिला नाही. एका पाऊचवर दोन नंबर म्हणजे उद्या वादाला आयतं निमित्त. मावशींची शिफ्ट सहालाच संपली होती, तरी त्या थांबल्या. मालकांनी सगळ्यांना जादा हजेरी दिली, हेही सांगायला हवं.

स्वस्त कार्ट्रिज म्हणजे वाईटच, असं मी म्हणत नाही. उरलेली तीच कार्ट्रिजं आम्ही बाहेरच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांवर वापरली आणि तिथं छपाई उत्तम आली. पण पाऊचवर कुठलीही नवी शाई आली की आधी दहा पाऊचं छापतो, खोक्यात भरून खोकं हलवतो, ओला अंगठा फिरवतो आणि टेप लावतो. टेपची ती पट्टी तारीख घालून रजिस्टरमध्ये चिकटवतो. पहिली पट्टी त्या दिवसाची आहे, तिच्यावर अख्खा लॉट नंबर उलटा उमटलाय. त्याखालच्या सगळ्या कोऱ्या आहेत.