पगार सेशनचा, ड्युटी दिवसभराची

ऑटिझम असलेल्या मुलांना वर्तन थेरपी देणाऱ्या ज्यांना परदेशात बिहेवियर टेक्निशियन म्हणतात, त्यांना आपल्या नागपुरातल्या थेरपी सेंटरांमध्ये नुसतं 'थेरपिस्ट' म्हणतात आणि मुलं 'ताई' म्हणतात. मुलासमोर जमिनीवर बसून एकेक ट्रायल, म्हणजे सूचना देऊन मुलाचा एकेक प्रयत्न, घेणारी ती हीच. या कामात नव्याने येणाऱ्या मुली मुलाखतीत पहिला प्रश्न विचारतात, "एका सेशनचे किती?" त्याच्या जोडीला आणखी एक विचारायलाच हवा: माझा दिवस किती तासांचा, आणि त्यातल्या किती तासांचे पैसे मिळणार?

हिशेब करून बघा. समजा सेशन ४५ मिनिटांचं, दर १५० रुपये, दिवसाला ७ सेशन. कागदावर तासाला २०० रुपये दिसतात. पण सेशनआधी कालच्या डेटाशीटवरून आजची टार्गेटं काढणं आणि रिइन्फोर्सर (बक्षीस म्हणून द्यायचा खाऊ, खेळणी) वेगळे ठेवणं, याला ५ मिनिटं. नंतर ट्रायल मोजून टक्केवारी काढणं, नोट लिहिणं, दारात उभ्या आईला चार शब्द सांगणं, याला १०. सातदा १५ म्हणजे १०५ मिनिटं. सव्वापाच तासांचं काम सात तासांवर जातं आणि दर तासाला १५० वर उतरतो. एक मूल तापाने आलं नाही की तेच सात तास ९०० रुपयांत. मधल्या रिकाम्या वेळात घरी थोडंच जाता येतं? कार्डं लॅमिनेट करा, वेल्क्रो लावा, खेळणी पुसा, काम निघतंच.

पालकांकडून महिन्याची फी आगाऊ घ्यायची आणि मूल आलं नाही म्हणून थेरपिस्टचं सेशन कापायचं, हा मला या धंद्यातला सगळ्यात मोठा अन्याय वाटतो. म्हणून नेमणूकपत्रात दोन गोष्टी लिहून घ्या: त्याच दिवशी रद्द झालेल्या सेशनचे पूर्ण पैसे, आणि महिन्याला किमान किती सेशनची हमी. दिवाळीत आणि मे महिन्यात घरं गावाला जातात, तेव्हा ही दुसरी ओळच पगार सांभाळते.

नेमणूकपत्रच नसेल, पगाराची स्लिप मिळत नसेल आणि प्रोफेशनल फी म्हणून टीडीएस कापला जात असेल, तर सेंटरने तुम्हाला कर्मचारी नाही, कन्सल्टंट धरलंय. वेळ सेंटर ठरवतं, मुलं सेंटर देतं, सुट्टी विचारून घ्यावी लागते, तरी नाव मात्र कन्सल्टंट. त्या एका शब्दापायी ईएसआय (कर्मचारी राज्य विमा), पीएफ, ग्रॅच्युइटी, बाळंतपणाची रजा असं सगळं हातचं जातं. १० किंवा जास्त माणसं कामाला असली की ईएसआय लागू होतं; मोजताना रिसेप्शनवाली, मावशी, गाडीवाला सगळे धरायचे. पगार महिना २१,००० पर्यंत असेल तर तुमचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के. १८,००० पगारावर तुमचे फक्त १३५ रुपये जातात, मालकाचे ५८५. त्यात उपचार आहेत, आजारपणात पगाराचा काही भाग आहे. पीएफसाठी २० माणसांची अट आहे. बाळंतपणाची भरपगारी रजा २६ आठवडे, आधीच्या वर्षभरात ८० दिवस काम झालेलं असलं की. बहुतेक पंचविशीतल्या मुली जिथे काम करतात, तिथे हा मुद्दा शेवटी ठेवून चालत नाही. आणि हो, स्त्रियांना महिना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही. तरी २०० कापले जात असतील तर परत मागा.

आता इजा. मूल चावलं की हात झटक्याने मागे ओढला जातो, आणि तिथेच कातडी फाटते. त्याऐवजी हात मुलाच्या तोंडाच्या दिशेने हलकेच आत दाबायचा. जबडा सैल पडला की सोडवायचा. केस धरले तर मुलाचा हात आपल्या डोक्याशी दाबून धरायचा, मान ओढायची नाही. कातडी फुटली असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याने नीट धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. हिपॅटायटिस बीचे तीन डोस (०, १ आणि ६ महिने) आणि धनुर्वाताचं इंजेक्शन रुजू होतानाच सेंटरच्या खर्चाने व्हायला हवं. गळ्यातल्या आयकार्डाची दोरी ओढली की सुटणारी हवी. ओढणी आणि लोंबते कानातले घरीच. घटनेची नोंद त्याच दिवशी: वेळ, आधी काय झालं, खोलीत कोण होतं. औषधाचा खर्च मागायला हाच कागद लागतो.

बऱ्याच इजा टाळता येतात. एखाद्या वर्तनाकडे लक्ष द्यायचं नाही असं ठरलं की ते कमी होण्याआधी काही दिवस वाढू शकतं. नेमक्या त्या दिवसांत थेरपिस्ट खोलीत एकटी असते, कारण वर्तनाचा प्लॅन सुपरवायझरने फोनवर बदललेला असतो. प्लॅन बदलला की पहिल्या आठवड्यात दुसरं माणूस खोलीत हवं, आणि अशी दोन मुलं लागोपाठ देऊ नयेत. अमेरिकेतल्या आरबीटी (रजिस्टर्ड बिहेवियर टेक्निशियन) प्रमाणपत्रात महिन्याच्या थेरपीच्या तासांपैकी किमान ५ टक्के तास सुपरव्हिजनचे असावे लागतात. तेच माप इथे लावा: दिवसाला ७ सेशन, २४ दिवस, म्हणजे १२६ तास, त्याचे सव्वासहा तास. सुपरवायझर मॅडमनी दारातून डोकावणं यात धरू नका.

होम सेशनला जात असाल तर किलोमीटरचा दर आणि जाण्यायेण्याचा वेळ दोन्ही धरून बोला. मनीषनगरहून कोराडी रोडला जाणं म्हणजे अख्खं शहर ओलांडणं. नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत) दुपारी १२ ते ४ होम सेशन ठेवूच नये, पहिलं सकाळी ८ ला लावावं. आणि कूलर. आवाज सहन न होणारं मूल कूलर लावला की कान झाकतं. बंद केला की वीस मिनिटांत दोघंही घामाने ओलीचिंब. सेशनआधी अर्धा तास खोली गार करून घ्यायची, मग पंखा अगदी कमी वेगावर ठेवून पंप चालू ठेवायचा. पालकांशी हे पहिल्याच दिवशी बोलून घ्या. डेटाशीटच्या वर कूलर चालू होता की बंद, तेही लिहा. नाहीतर जूनमध्ये पहिला पाऊस पडल्यावर मुलाच्या प्रगतीचा आलेख वर गेला, तर तो थेरपीने गेला की गारव्याने, हे कोणालाच सांगता यायचं नाही.