मारवा की पुरिया : कानाच्या तयारीचं तिसरं वर्ष

मागच्या नोंदीत म्हटलं होतं, भूप आणि देशकार हे दोन राग ऐकून वेगळे काढता यायला लागले की पुढचं लिहीन. यायला लागले! म्हणून आज वही उघडून बसलेय.

नव्या मंडळींसाठी आमचा खेळ सांगते. व्हॉट्सअॅपवर आम्ही नऊ जण आहोत. मैफलीत कलाकाराने रागाचं नाव सांगायच्या आत, आलापीतच, म्हणजे सुरुवातीच्या संथ स्वरविस्तारातच, तो ओळखायचा. गाणं चालू असताना मोबाइल काढायचा नाही, वहीत वेळेसकट लिहायचं आणि मध्यंतरात त्या पानाचा फोटो गटावर टाकायचा. अचूक ओळखला तर दोन गुण, जवळचा राग लिहिला तर एक.

भूप-देशकारने मला दोन वर्षं छळलं. दोन्हींत सा रे ग प ध एवढेच स्वर, आणि मी नुसते स्वर मोजत बसायचे. यंदा दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमात मोजणं सोडलं आणि गायिका थांबते कुठे तेवढंच ऐकलं. पंचमावरून (प) ती धैवतावर (ध) गेली आणि तिथेच राहिली. खाली उतरली, फिरून पुन्हा धैवतच. भूप गंधाराशी (ग) घुटमळला असता. ६ वाजून १२ मिनिटांनी ‘देशकार’ लिहिलं. दोन गुण!

त्यानंतर डिसेंबरात सवाई. गायक भीमसेन जोशींनी गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला हा महोत्सव आता पुण्यात मुकुंदनगरला भरतो. मी बैठकीचंच तिकीट काढते, खुर्चीत माझा कान लागत नाही. संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला तंबोरे जुळत होते. पहिली तार पंचमाला नव्हती, निषादाला (नी) होती. गाणं सुरू व्हायच्या आधीच वहीत तीन नावं लिहिली : मारवा, पुरिया, सोहनी. तिघांतही कोमल (उतरलेला) रिषभ (रे), तीव्र (चढा) मध्यम (म), आणि पंचम नाही. सोहनी उत्तररात्रीची, ती लगेच खोडली. मग गायकाने रिषभ लावला आणि तो सोडेचना. मंद्रातल्या, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, धैवतापर्यंत जाऊन यायचा, पुन्हा रिषभावर उभा, षड्जाला (सा) मात्र बगल. पुरियात गंधार-निषादाचा आधार मिळतो, इथे तो नव्हता. मी ‘मारवा’ लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. बऱ्याच वेळाने षड्ज आला तेव्हा शेजारच्या काकू, ज्यांना मी ओळखतही नव्हते, माझ्या हातावर हात ठेवून ‘आला गं’ म्हणाल्या.

चूकही मोठी झाली. फेब्रुवारीत दुपारच्या एका मैफलीत मुलतानीला तोडी लिहिलं. स्वर तेच आहेत, पण मुलतानी चढताना रिषभ-धैवत टाळतो आणि पंचमावर निवांत बसतो. मी उतरतानाचा कोमल रिषभ ऐकला आणि घाई केली. तोडी सकाळची, हे घड्याळाकडे पाहिलं असतं तरी कळलं असतं. आता वहीत रागाच्या आधी प्रहर लिहिते.

तालात एक जमलं. विलंबित (संथ) एकतालात, म्हणजे बारा मात्रांच्या तालात, सम (आवर्तनाची पहिली मात्रा) हातून निसटायची. तबल्याच्या ठेक्यात ‘धागे तिरकिट’ दोनदा येतं, तिसऱ्या-चौथ्या मात्रेला आणि नवव्या-दहाव्याला. ‘क त्ता’नंतरचं तिरकिट पकडलं की मध्ये दोनच मात्रा, मग सम. करून बघा, खरंच हाती लागते.

खंत एकच आहे. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद, त्यामुळे उत्तररात्रीचे राग समोर बसून ऐकायलाच मिळत नाहीत. पूर्वी सवाई रमणबागेत भरायचा तेव्हा तिथे रात्र रात्र बसलेली माणसं ललित रागाबद्दल बोलतात तेव्हा मी नुसती ऐकत राहते. सोहनी मी आजवर फक्त ध्वनिमुद्रणात ऐकली आहे.

म्हणून गटातल्या एकीच्या जुन्या वाड्यात मेमध्ये बैठक ठरवली आहे. पंचवीस माणसं, दोन तंबोरे, माइक नाही, सुरुवात रात्री बाराला. काय गाणार हे आम्ही गायिकेला विचारलेलं नाही आणि तिनेही सांगायचं नाही, असं ठरलंय.