भोरड्या निघण्याआधीचं भिगवण

उजनी धरणाच्या काठच्या भिगवणला पक्षी पाहायला लोक डिसेंबर-जानेवारीत गर्दी करतात. मला मार्च आवडतो. पळस फुललेला असतो आणि पाहुणे पक्षी, त्यात भोरड्या म्हणजे गुलाबी मैनाही, परतीच्या तयारीत असतात.

शनिवारी पहाटे चारला हडपसर सोडलं. सोलापूर रस्त्याने साधारण शंभर किलोमीटर. उजाडता उजाडता कुंभारगावात होडीत बसलो. उजनीचं पाणी मागे हटलं होतं, उघड्या पडलेल्या चिखलात शेकाटे आणि तुतवार चरत होते. पट्टकदंब हंस बहुतेक गेलेले, जेमतेम दहा-बारा उरले होते. हिमालय ओलांडून जाणारे हे पक्षी काठावर मुकाट गवत खुडत होते.

रोहित (फ्लेमिंगो) मात्र भरपूर. मागच्या वर्षी आम्हीच हट्ट धरला होता, 'दादा, अजून थोडं जवळ घ्या ना.' अख्खा थवा उठला. फोटो झकास आले, पण मनाला लागून राहिलं. या वेळी आधीच सांगितलं की लांबच थांबू. नावाड्याने इंजिन बंद केलं. अर्ध्या तासात रोहित चरत चरत आपणहून जवळ आले. पायांनी चिखल ढवळायचा, चोच उलटी बुडवून पाणी गाळायचं. तो बुडबुड आवाजसुद्धा ऐकू येत होता. उडवलेल्या थव्यात हे कधीच दिसत नाही. नावाड्याला थवा उडवायला सांगू नका, एवढी कळकळीची विनंती.

दुपारी चिलापीचं कालवण, भाकरी आणि झोप. उन्हात पाण्यावर काही मिळत नाही.

संध्याकाळी उसाच्या फडाशी थांबा, सूर्य पाठीशी ठेवून. भोरड्या हजारोंनी येतात, आभाळात वळसे घेतात आणि एकदम उसात उतरतात. तारेवर बसलेला एक नर दुर्बिणीतून निवांत पाहिला. पिसांची मळकट टोकं झिजून गेलेली, त्यामुळे गुलाबी रंग अगदी उजळ, डोक्यावर काळी शेंडी. असा रंग हिवाळ्यात दिसत नाही. इथून त्या थेट मध्य आशियात जाऊन घरटी करतील.

होडी आदल्या दिवशीच ठरवा, दरही तेव्हाच बोलून घ्या. मातकट कपडे, टोपी, भरपूर पाणी घ्या; ८×४२ची दुर्बीण पुरते. चिखलात उतरू नका, पाय खोल रुततो.

रविवारी सकाळी परतताना पुण्याजवळ मुळा-मुठेवरच्या कवडीपाटला तासभर थांबलो. नदीला वास होता, बंधाऱ्याला प्लॅस्टिक अडकलेलं. तरी चक्रवाकाची एक जोडी होती. एप्रिल सरेपर्यंत भोरड्याही जातील, तेव्हा जायचं तर याच दोन-तीन आठवड्यांत जा.