डग्ग्याची मींड : आमची वाटचाल

आमची सुरुवात तपकीर गल्लीत झाली. स्वतःचं दुकान नव्हतं. एका ओळखीच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर टेबल, सोल्डरिंग आयर्न आणि मल्टीमीटर, एवढाच संसार. जुने डेक आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करायचे आणि संध्याकाळी घरपोच द्यायचे. माझ्या मेव्हण्याचा सुतारकामात हात बसलेला. त्याने भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून प्लाय आणून बुकशेल्फ स्पीकरची पहिली जोडी बनवली, आणि दुरुस्तीवाल्यांचे आम्ही स्पीकरवाले झालो.

छोटे स्पीकर पुण्यातल्या घरांना सोयीचे. शोकेसवर बसतात, जागा अडवत नाहीत. गळा, बासरी, सतार त्यातून इतकी स्वच्छ येते की मोठ्या खोक्यांची आठवणही होत नाही. पण त्यांचा ५ इंची वूफर, म्हणजे खालचे सूर वाजवणारा भाग, साधारण ६० हर्ट्झच्या (सेकंदाला ६० कंपनांच्या) खाली थकतो. त्याच्याकडून जबरदस्तीने खालचा सूर काढायला गेलं तर त्याचा कोन, म्हणजे पुढचा शंकूसारखा पडदा, नुसता हलतो, आवाज येत नाही. म्हणून ज्यांना पखवाज, डग्गा, ऑर्गनचा खर्ज हवा होता त्यांच्यासाठी आम्ही सबवूफर, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणारा वेगळा स्पीकर, बनवायला घेतला. आम्ही त्याला नुसतं सब म्हणतो.

पहिला सब गेला सदाशिव पेठेत, तबल्याच्या एका गुरुजींकडे. वाड्यातली पहिल्या मजल्यावरची १० बाय १२ ची खोली, खाली शहाबादी फरशी. देवघराशेजारचा कोपरा रिकामा होता, म्हणून सब तिथे ठेवला. सबने कुठवरचे सूर वाजवायचे ते ठरवणारा फिल्टर १२० हर्ट्झवर, आवाजाची लेव्हल अर्ध्याच्या पुढे. खोली भरून वाजत होतं. मी खूश होतो.

गुरुजींनी एकल तबल्याची एक सीडी लावली, डोळे मिटून ऐकली आणि म्हणाले, "अहो, ह्यांचा डग्गा मधेच कुणी गिळतंय का? मींड, म्हणजे हा घसरत जाणारा सूर, वर चढताना एका ठिकाणी नाहीशी होते आणि पुढे पुन्हा उगवते. आणि खालचा सूर आला की खोली नुसती हंबरते." मग त्यांनी स्वतःचा डग्गा पुढ्यात ओढला, थाप मारली आणि मनगट पुडीवर दाबत शाईकडे सरकवलं. सूर सलग वर गेला, कुठेही न तुटता. तोच घुमारा मी त्यांच्या स्पीकरमधून तोडून टाकला होता.

त्या रात्री मला झोप आली नाही. कारण समजायला दोन दिवस लागले. ज्या पट्ट्यात स्पीकर संपतो आणि सब सुरू होतो, तिथे दोघंही एकच सूर वाजवत असतात. एकाचा कोन पुढे येताना दुसऱ्याचा मागे जात असेल तर दोघं एकमेकांना मारतात आणि तेवढ्याच जागी खड्डा पडतो. डग्ग्याची मींड नेमकी त्या खड्ड्यावरून जात होती. हंबरण्याचं कारण वेगळं. १२ फुटी खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून फुगतो, आणि कोपऱ्यातला सब त्याला आणखी जोर देतो.

पुन्हा गेलो तेव्हा सब उचलून थेट गुरुजींच्या बैठकीवर ठेवला, खालचे सूर लावले आणि मी गुडघ्यांवर भिंतीच्या कडेने रांगत निघालो. कुठे बास फुगतो, कुठे मरतो, हे कान जमिनीजवळ नेल्याशिवाय कळत नाही. जिथे सगळे सूर सारखे वाटले तिथे खडूने खूण केली. ती जागा निघाली दाराशेजारी, तंबोऱ्याच्या गवसणीपाशी. सब तिथे हलवला, फिल्टर ८० वर आणला, ८० हर्ट्झचा सूर लावून फेजचा खटका, म्हणजे सबच्या कोनाचं पुढे-मागे जाणं उलटवणारा, शून्यावरून १८० वर केला. आवाज भरला, म्हणजे खटका तिथेच राहू द्यायचा. शेवटी लेव्हल इतकी उतरवली की सब वाजतोय का, अशी शंका यावी. गुरुजींनी तीच सीडी लावली. या वेळी ते काही बोलले नाहीत, फक्त पुढचा ट्रॅक लावला. मग त्याच्या पुढचा.

त्यानंतर आम्ही ठरवलं की सब नुसता विकायचा नाही, बसवून द्यायचा. धंद्याच्या हिशेबात हे महाग पडलं. कोथरूड, बिबवेवाडी, औंध, कुठेही गेलं तरी एका घरात अर्धा दिवस जातो. पण आमचं नाव झालं ते यामुळेच.

जोडणीच्या बाबतीत घरोघरी काय काय पाहिलं! एका घरी सबची पिन ॲम्पच्या टेप आउटला, म्हणजे रेकॉर्डिंगसाठीच्या आउटपुटला, लावलेली. तिथला सिग्नल व्हॉल्यूमच्या आधीचा, त्यामुळे गाणं हळू केलं तरी सब तेवढाच धडधडत राही. ॲम्पला सब आउट किंवा प्री आउट (व्हॉल्यूमच्या नंतरचं आउटपुट) असेल तर प्रश्नच नाही, एक साधी आरसीए पिनांची केबल पुरते. दोन चॅनेलच्या ॲम्पला सबचं एलएफई इनपुट (होम थिएटरच्या बास चॅनेलसाठीचं) वापरायचं नाही, कारण त्यात सबचा स्वतःचा फिल्टर बाजूला पडतो. जुन्या स्टिरिओ ॲम्पला बहुधा सब आउट नसतंच. तिथे ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलवरूनच सबच्या हाय लेव्हल (स्पीकरच्या वायरसाठीच्या) इनपुटला वायर न्यायची. लोकांना भीती वाटते की ॲम्पवर लोड येईल. सब त्या वायरमधून जवळजवळ करंट घेतच नाही, ताकद त्याच्या स्वतःच्या ॲम्पची असते. मला स्वतःला ही जोडणी आवडते, कारण मूळ ॲम्पचा पोत सबपर्यंत पोचतो.

यात एक ठेच आम्हीही खाल्ली. एका गिऱ्हाइकाकडे छोटा क्लास डी, म्हणजे नव्या पद्धतीचा स्विचिंगवर चालणारा, ॲम्प होता. त्यातल्या कित्येक ॲम्पचं काळं टर्मिनल म्हणजे ग्राउंड नसतं, दोन्ही टर्मिनलवर सिग्नल असतो. आम्ही ते न तपासता सबचा काळा इनपुट त्याला जोडला आणि ॲम्प गेला. नवा ॲम्प आम्ही भरून दिला. आता कुठलीही वायर लावण्याआधी मीटर लावून बघतो, आणि हाताखालच्या पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवतो.

हमची, म्हणजे स्पीकरमधून सतत येणाऱ्या गुणगुणीची, तक्रारही कायमची. ५० हर्ट्झचा तो 'हूं' बहुतेक वेळा ॲम्प आणि सब वेगवेगळ्या सॉकेटवर असल्याने येतो. दोन्ही एका एक्स्टेंशन बोर्डवर घेतले की बऱ्याच घरी तो जातो. कुणी सुचवलं म्हणून अर्थिंगची पिन कापलेली पाहिली की मी तिथल्या तिथे प्लग बदलून देतो, त्याचे पैसे घेत नाही. जिवाशी खेळ आहे तो.

२०२० च्या टाळेबंदीत घरी जाणं बंद झालं. तेव्हा व्हिडिओ कॉलवर लोकांना भिंतीच्या कडेने रांगायला लावलं. एका घरात आजोबा खुर्चीत बसून "इथे जास्त, इथे कमी" सांगत होते आणि नातू खडू घेऊन रांगत होता. ते सेटिंग मी आजपर्यंत बदललेलं नाही.

आता धायरीत आमचा गाळा आहे, चार माणसं आहेत. सब अजून एकाच प्रकारचा बनवतो : १० इंची, बंद पेटीचा. पोर्टवाल्या, म्हणजे हवेसाठी भोक ठेवलेल्या, पेटीतून जास्त दणका मिळतो हे खरं, आणि गणपतीच्या आधी ढोल-ताशासारखा दणका मागणारे येतातही. पण पोर्ट ज्या सुराला लावलेला असतो त्याच्या खाली बास एकदम कोसळतो. बंद पेटीचा हळूहळू उतरतो, आणि पुण्यातल्या छोट्या खोल्या त्या उताराला खालून हात देतात. शिवाय सोसायटीत खालच्या मजल्यावर कुणाचं तरी बाळ झोपलेलं असतं. स्लॅबमधून जाणारी थरथर कमी व्हावी म्हणून पेटीखाली जाड रबर देतो.

सर्वांत जास्त फोन येतात ते डिसेंबरात, सवाई संपल्यावर. पंडित भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये सुरू केलेल्या त्या महोत्सवातून लोक समोरचा तबला कानात घेऊन घरी येतात आणि त्यांना घरचा डग्गा पोकळ वाटायला लागतो. असा माणूस आला की मी त्याला एकच सांगतो, तुमच्या आवडीचं तबल्याचं रेकॉर्डिंग तयार ठेवा. आमच्या पिशवीत तपासणीच्या सुरांचा पेनड्राइव्ह, मोजायची टेप, खडू आणि मीटर असतो. शेवटचा निकाल मात्र मींडच देते.

बसवून दिल्यावर पंधरा दिवसांनी पुन्हा एक फेरी मारतो. तोवर सोफा हललेला असतो, पडदे बदललेले असतात, कान सरावलेले असतात. त्या दुसऱ्या फेरीत बहुतेक घरी लेव्हलचा नॉब अजून थोडा खालीच आणावा लागतो.