मॉरिशस: आधी वारा बघा, मग किनारा निवडा

मॉरिशसला जाताना आपल्याकडे बहुतेक जण आधी हॉटेल ठरवतात आणि मग जवळचा समुद्र जसा असेल तसा पदरात पाडून घेतात. मी हा क्रम उलटा लावला. आधी वारा कुठून येतो ते पाहिलं, मग प्रवाळाची रांग कुठे तुटली आहे ते, आणि मुक्काम सगळ्यात शेवटी. मुख्य बेट १,८६५ चौरस किलोमीटरचं, म्हणजे तसं लहानच. तरीही एकाच दुपारी पूर्वेला लाटा उसळत असतात आणि पश्चिमेला पाणी निवांत असतं.

जून ते सप्टेंबर हा तिथला हिवाळा. या काळात आग्नेयेकडून सतत वारा येतो आणि पूर्व-दक्षिण किनाऱ्यावर थेट आदळतो. मधलं पठार आणि डोंगर तो अडवतात, म्हणून पश्चिमेचं फ्लिक एन फ्लॅक आडोशाला राहतं. सुरूच्या बनाची सावली आणि उथळ पाणी, लहान मुलं बरोबर असतील तर इथेच राहावं. पूर्वेचं बेल मार दिसायला जास्त देखणं, पण ते वारा पडल्यावरच. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा काळ, त्यातही जानेवारी ते मार्च जपून. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरची सुरुवात मला सगळ्यात सोयीची वाटते: पाणी उबदार होऊ लागतं आणि वाराही कमी होतो.

आता प्रवाळ. बेट ज्वालामुखीचं, खडक काळाकुट्ट, आणि वाळू मात्र पांढरी, कारण ती प्रवाळाचा आणि शिंपल्यांचा चुरा आहे. किनाऱ्यावर उभं राहून लांबवर पाहिलं की फेसाची एक पांढरी रेघ दिसते. ती प्रवाळाची भिंत. तिच्या आतलं फिकट हिरवट पाणी पोहण्याचं. रेघ जिथे तुटते आणि पाणी एकदम गडद निळं होतं, तिथे भिंतीला खिंड आहे. नदीचं गोडं पाणी आणि गाळ जिथे समुद्रात येतो तिथे प्रवाळ वाढत नाही, म्हणून अशा खिंडी बहुधा नदीच्या मुखासमोर सापडतात. लाटांनी आत आलेलं पाणी तिथूनच बाहेर पडतं आणि ओढ जबरदस्त असते. चांगला पोहणाराही तिच्यापुढे टिकत नाही. ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेनं झुंजू नका. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर पडा आणि मग आत वळा. तामारिनला नदीमुळे अशीच खिंड आहे, म्हणून तिथे लाटांवर स्वार होणारे जमतात.

पाण्यात उतरताना जाड तळव्याचे रबरी बूट हवेतच. समुद्री साळींचे काटे पायात तुटून राहतात. त्याहून वाईट म्हणजे स्टोनफिश. तो हुबेहूब दगडासारखा दिसतो आणि त्याच्या पाठीच्या काट्यात विष असतं. काटा लागलाच तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवायचा आणि लगेच दवाखाना गाठायचा. उष्णतेनं वेदना कमी होतात, बर्फ लावू नये.

दक्षिणेला सुयाकजवळ ग्री-ग्रीला प्रवाळाची भिंतच नाही. हिंदी महासागर सरळ काळ्या कड्यावर येऊन फुटतो. तिथे फक्त पाहायचं, पाण्यात उतरायचं नाही, कड्याच्या ओल्या काठाशीही जायचं नाही. तिथूनच जवळ रोचेस्टर धबधबा आहे. लाव्हा थंड होताना आकसून पडलेले उभे खांब तिथे नीट दिसतात. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवरही असेच खांब आहेत, आणि दोन्हींचं मूळ एकच मानलं जातं. ज्या तप्त स्थानानं, म्हणजे खोलवरून लाव्हा वर येत राहणाऱ्या जागेनं, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा कातळ ओतला, त्याच्याच वरून पृथ्वीचं कवच सरकत असताना पुढे मॉरिशस घडलं. आज त्याच्या माथ्यावर शेजारचं रियुनियन बेट आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे.

शामारेलची सप्तरंगी माती पाहताना मला कोकणातला जांभा आठवला, आणि तो संबंध खरा आहे. बेसॉल्ट, म्हणजे लाव्हाचा काळा खडक, पावसानं कुजतो, सिलिका वाहून जाते, मागे लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं उरतात. लोहानं लाल-तपकिरी छटा येते, जांभळट-निळसर छटा ॲल्युमिनियमची. ढगाळ हवेत सगळे रंग एकसारखे मळकट दिसतात, म्हणून ऊन असेल तेव्हाच जावं. मातीवर पाय ठेवता येत नाही, कुंपणाबाहेरून पाहायचं. शामारेलला बस कमी, गाडी ठरवलेली बरी. टॅक्सीचं भाडं बसण्याआधीच पक्कं करा. स्वतः चालवणार असाल तर आपल्यासारखीच डावी बाजू आहे.

पठारासाठी पोर्ट लुईहून मेट्रोनं क्यूरपीपला जाता येतं. तिथलं ट्रू ओ सर्फ हे ज्वालामुखीचं विवर काठावरून फेरी मारून पाहायचं. खाली किनाऱ्यावर कडक ऊन असलं तरी वर धुकं आणि पाऊस असू शकतो, गारवाही जाणवतो. पातळ रेनकोट पिशवीत असू द्या. गंगा तलाव हेही विवरातलंच तळं. महाशिवरात्रीच्या आधीचे दिवस टाळा, कारण पायी येणाऱ्या भक्तांनी रस्ते भरून जातात. दर्शनासाठीच जायचं असेल तर मात्र तेच दिवस.

ल मॉर्न हा ५५६ मीटरचा सुळका २००८ पासून जागतिक वारसा आहे. पळून आलेल्या गुलामांनी त्याचा आसरा घेतला होता, त्यामुळे तिथे आवाज कमी ठेवावा. पहिला टप्पा रुंद कच्च्या रस्त्याचा. त्यानंतर हातापायांनी चढायचा खडक लागतो. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर पहिल्या टप्प्यावरूनच परत फिरा. ओल्या बेसॉल्टवर बूट धरत नाहीत आणि उतरताना जास्त जण घसरतात. माणशी दोन लिटर पाणी घ्या, निघायचं ते उजाडताना. जाऊन-येऊन तीन ते चार तास धरा.

विमानतळ आग्नेयेला आहे आणि ब्लू बेचं सागरी उद्यान तिथून जवळ, म्हणून ते मी परतीच्या टप्प्यात ठेवलं. काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ दिसतं, पण ऊन डोक्यावर असतानाच. तिरप्या उन्हात पाण्यावर चमक येते आणि खालचं काही कळत नाही. पोहताना पाय प्रवाळाला लागू देऊ नका, तुटलेला तुकडाही उचलू नका.